सुगी झाली की जाऊ

सोनपेठच्या बाजूला गोदावरीला गोदावरी कोणी म्हणत नाही. आम्ही तिला गंगा म्हणतो आणि तिच्या कडेच्या गावांना गंगाकाठची गावे. अशाच एका गावात आमचे सहा एकर काळे रान आहे. माझे वडील दरवर्षी ज्वारीला कणीस धरू लागले की आईला म्हणायचे, "यंदा सुगी झाली की दमणी जुंपू आणि दोघं पंढरीला जाऊ."

दमणी दारातच उभी होती. वरती तट्ट्या, आत कडब्याचे अंथरूण, त्यावर वाकळ, खाली पाण्याची घागर आणि मागे बैलांची वैरण बांधायला जागा. त्या काळचे ते चाकावरचे घरच होते. पण सुगी होई आणि काहीतरी निघे. एका साली आत्याचे लग्न, एका साली विहिरीचे काम. 1972 च्या दुष्काळात तर बैलच विकावे लागले. पुढे दमणीचे चाक खिळखिळे झाले, तट्ट्या चुलीत गेल्या आणि एके दिवशी वडीलही गेले.

त्यानंतर आई एस.टी.ने गावातील बायकांबरोबर पंढरपूरला जाऊन आली. काय मागितलेस देवाला, असे मी विचारले, तेव्हा म्हणाली, "मागितलं काही नाही. एवढंच सांगितलं की हे मागून येतायत म्हून."

वाचकहो, हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. पण विसरलो नाही म्हणून शहाणा झालो असेही नाही. शेती खात्यात नोकरी लागली. गावोगाव हिंडलो, शेतकऱ्यांना बीजप्रक्रिया सांगितली, बोंडअळी दाखवली, ठिबकचे अर्ज भरून घेतले. माझे फिरणे पुष्कळ झाले. सौ. मात्र घर, म्हैस, सासूचे आजारपण आणि मुलांच्या शाळा यांतच राहिली. ती बाहेर मुक्कामाला गेली ती लग्नाला नाहीतर दवाखान्यात. आणि मीही तिला दरवर्षी एकच सांगत आलो, की निवृत्त झालो की जाऊ.

गेल्या वर्षी गुडघ्याला हात लावून ती म्हणाली, "अहो, सासूबाईंसारखं माझं करू नका." निवृत्तीला तेव्हा वर्ष-सव्वा वर्ष बाकी होते. मी दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज दिला.

गाडी कशी सजवली

आमच्याकडे एक जुनी ओम्नी गाडी आहे. मुलगा तिच्यातून कधी भाजी नेतो, कधी खताच्या गोण्या आणतो. गाडी चांगली धुऊन घेतली. गावच्या सुताराने मागच्या बाकाच्या उंचीला बसेल अशी दोन तुकड्यांची फळी करून दिली. दिवसा ती दुमडून ठेवायची, रात्री पसरली की दोघांपुरती बाज तयार. त्यावर गादी आणि आईच्या हातची वाकळ. फळीखाली एक पत्र्याची पेटी, शेगडी, छोटी गॅसची टाकी, वीस लिटरचे पाण्याचे दोन डबे, एक ताडपत्री आणि चार खुंट्या. खिडक्यांना जुन्या साडीचे पडदे आणि डासांसाठी जाळी. सगळा खर्च एका चांगल्या शेळीच्या किमतीत बसला.

गाडीच्या मूळ सांगाड्याला आम्ही हात लावला नाही. छत उंच करणे, पत्रा कापणे असे काही करायचे असेल, तर आधी परिवहन कार्यालयात विचारून परवानगी घ्यावी लागते. मालवाहू टेम्पोच्या हौद्यात माणसे बसवून यात्रेला नेणे तर कायद्याने मना आहे आणि जिवालाही धोक्याचे आहे. त्याचे अपघात आपण दर वर्षी ऐकतो.

गावात हसू झालेच. पारावर एकजण म्हणाला, "साहेब म्हातारपणी बिऱ्हाड घेऊन निघाले." मी म्हणालो, "बाबा, हे विलायतेतही करतात." आणि ते खरे आहे. 1885 साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, इंग्रजांच्या आरमारातून निवृत्त झालेल्या एका डॉक्टराने दोन घोड्यांनी ओढायची राहती गाडी बांधून घेतली आणि तो इंग्लंड-स्कॉटलंडभर हिंडला. नुसत्या हौसेखातर अशी गाडी करणारा तो तिकडचा पहिला, असे मानतात. म्हणजे आपल्या दमणीचीच ती विलायती बहीण. पुढे घोडे जाऊन मोटारी आल्या. आज अमेरिकेत थंडी पडू लागली की हजारो म्हातारी जोडपी अशा मोटारी घेऊन दक्षिणेकडील उबदार मुलखात जातात. ऑस्ट्रेलियात तर पांढऱ्या केसांच्या अशा भटक्यांना वेगळे नावच पडले आहे. आत झोपायची बाज, स्वयंपाकाचा ओटा, संडास, सगळे त्या गाडीत असते. आपल्या राज्य शासनानेही 2021 साली अशा गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पण त्या गाडीची किंमत ऐकली तर आपल्यासारख्याच्या सहा एकरांना घाम फुटेल. आम्हाला एवढे नको होते. रात्री पाठ टेकायला जागा आणि सकाळी चहा, एवढे पुरे होते.

निघालो

वेळअमावस्येला रानात कोपी करून जेवलो, संक्रांत झाली आणि दोन दिवसांनी पहाटे निघालो. धपाटे, दशम्या, जवसाची चटणी आणि शेंगदाण्याचे लाडू बरोबर होते. सूनबाईने ओवाळले. कोठीच्या किल्ल्या सौ.ने तिच्या हातात दिल्या, परत घेतल्या, पुन्हा दिल्या. शेवटी सूनबाईच हसून म्हणाली, "आई, जा आता. म्हैस मला ओळखते."

परळीला वैजनाथाचे दर्शन घेऊन आम्ही आंबाजोगाईला गेलो. मुक्काम तिथेच केला. आंबाजोगाई म्हणजे योगेश्वरीचे ठाणे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण मराठीचा आद्य कवी म्हणून ज्याचे नाव घेतात त्या मुकुंदराजाची समाधीही इथेच, गावाबाहेरच्या डोंगरकपारीत आहे. त्याच्या 'विवेकसिंधू'चा काळ 1188 सांगतात, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही शंभर वर्षे आधीचा. दासोपंतही इथलेच. कागदाऐवजी लांबलचक कापडावर, पासोडीवर, त्यांनी लिहिले. ती पासोडी या गावात जपून ठेवलेली आहे. इतक्या जवळ राहून मी इथे किती वेळा आलो असेन! पण येणे बैठकीला, जाणे बैठकीहून. समाधीपाशी त्या दिवशी पहिल्यांदा बसलो.

रात्री एका धर्मशाळेच्या अंगणात विचारून गाडी लावली. सौ.ला झोप येईना. दोनदा उठून तिने दार लागले आहे का ते पाहिले. "असं रस्त्यावर झोपायचं म्हणजे कसंतरीच वाटतं," म्हणाली. पहाटे मात्र डोळा लागला तो उजाडेपर्यंत. तिला म्हशीच्या हंबरण्याशिवाय जाग आली, असे बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच घडले असेल.

दुसऱ्या दिवशी कळंबवरून तुळजापूर गाठले. तुळजापुरात भवानीची ओटी भरली आणि तिसऱ्या दिवशी नळदुर्गचा किल्ला पाहिला. शेतकऱ्याने हा किल्ला जरूर पाहावा. बोरी नदीवर दगडी बंधारा घालून त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला आहे. हे काम आदिलशाहीतील, 1613 च्या सुमाराचे. पावसाळ्यात नदी भरली की बंधाऱ्यावरून दोन धबधबे पडतात. त्यांना नर आणि मादी म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा धार नव्हती, पण चारशे वर्षांपूर्वीचा तो बंधारा तसाच उभा होता. मला आमच्या सोनपेठ तालुक्यातील खडक्याचा गंगेवरचा बंधारा आठवला. तो कोरडा पडला की परळीच्या वीज केंद्राचीही अडचण होते, इतके त्याचे महत्त्व. पाणी अडवणारा माणूस कोणत्याही काळातला असो, त्याच्यापुढे हात जोडावेत असे वाटते.

एका रात्रीची चूक

तिसऱ्या रात्री माझ्याकडून एक चूक झाली. ती इथे मुद्दाम लिहितो. थंडी फार होती. मी गाडीच्या काचा सगळ्या बंद केल्या आणि आतच शेगडीवर चहा ठेवला. थोड्या वेळाने सौ. म्हणाली, डोके जड झाले आहे. मलाही मळमळू लागले. तेव्हा लक्षात आले आणि दार उघडून दोघेही बाहेर आलो. बंद जागेत शेगडी, कोळसा किंवा गॅस जळला की वास न येणारा विषारी वायू तयार होतो आणि माणूस झोपेतच जातो. थंडीत खोलीत शेगडी घेऊन झोपू नका, हे मी स्वतः किती सभांत सांगितले आहे! पण सांगणारा स्वतः चुकणार नाही असे थोडेच आहे? त्या रात्रीपासून शेगडी ताडपत्रीखाली, गाडीच्या बाहेर. आणि दोन्ही अंगांच्या काचा बोटभर उघड्या.

दुसरी अडचण बायकांची. पुरुषाचे कुठेही भागते. बाईने संडासाला कुठे जायचे? पहिले दोन दिवस सौ. त्या भीतीने पाणीच कमी पीत होती. हे कळल्यावर मला लाज वाटली. मग मुक्कामाची जागा निवडताना आम्ही एकच गोष्ट आधी पाहू लागलो, की स्वच्छ संडास आहे का. देऊळ, देखावा, झाडाची सावली हे सगळे त्यानंतर.

भीमेच्या काठी

सोलापूर ओलांडून मंगळवेढ्याच्या वाटेवर भीमेच्या काठी माचणूर लागते. सिद्धेश्वराचे देऊळ आणि नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. पाणी संथ, माणसे थोडी. पायऱ्यांवर बसून दुपारच्या भाकरी खाल्ल्या.

याच ठिकाणी शेजारच्या ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी 1695 ते 1699 अशी चार वर्षे पडली होती. ती आली तेव्हा तो 76 वर्षांचा होता. हत्ती, उंट, डेरे, बाजार, सगळे शहरच बरोबर. पण मराठ्यांचा मुलूख जिंकायचा ध्यास सुटला नाही आणि पुन्हा दिल्ली दिसली नाही. 1707 साली अहमदनगरजवळ तंबूतच त्याचा शेवट झाला. मी हे सांगितल्यावर सौ. म्हणाली, "कारभार मुलाच्या हाती दिला असता तर घरी तरी गेला असता." इतिहासाची पुस्तके मी तिच्यापेक्षा जास्त वाचली आहेत, पण हे मला सुचले नव्हते.

मंगळवेढ्याचे रान पाहून माझ्यातला कृषी अधिकारी जागा झाला. दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथपर्यंत ज्वारी. इथली जमीन खोल, काळी, ओल धरून ठेवणारी. पाऊस थोडा, पण परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरायचे आणि त्याच ओलीवर पीक काढायचे. ही मालदांडी ज्वारी. तिच्यातूनच निवड करून मोहोळच्या केंद्राने 'मालदांडी 35-1' हा वाण दिला आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानेही 'परभणी मोती'सारखे चांगले वाण दिले, त्याचा मला अभिमान आहे. पण आमच्याकडे रान सोयाबीन आणि उसाकडे वळले, कडबा कमी झाला आणि कडब्यामागे जनावरे. एका शेतकऱ्याने आम्हाला बांधावर बसवून हुरडा खाऊ घातला. गाडी रात्री त्याच्याच खळ्यावर लावली. त्याच्या घरच्यांनी सौ.ला आत नेले आणि दोघी रात्री दहापर्यंत बोलत बसल्या. काय बोललात विचारले तर म्हणाली, "आमचं आम्हाला."

वाळवंटातली भेट

सहाव्या दिवशी पंढरपूर. एकादशीची गर्दी नव्हती. रांगेत दोन तास उभे राहून पायावर डोके ठेवले. आईचे वाक्य आठवले आणि मला पुढे बघवेना. सौ.ने माझ्या हाताला धरले. "सांगितलं मी त्यांचं," एवढेच म्हणाली.

संध्याकाळी चंद्रभागेच्या वाळवंटात बसलो होतो. शेजारी एक म्हातारे जोडपे बसले होते. बोलण्यावरून ओळख पटली, ते आमच्याच तालुक्यातले निघाले. दोघांनी मिळून अठ्ठावीस हंगाम ऊसतोड केलेली. वाचकांपैकी अनेकांना ठाऊक आहे, की या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दिवाळी झाली की घराला कुलूप लावायचे, भांडीकुंडी, पोरे, शेळी, कोंबडी गाडीत घालायची आणि कारखान्यावर जायचे. पाचटाच्या कोपीत सहा महिने काढायचे. बैलगाडीच त्यांचे घर, आणि पाडवा आला की परत.

मी हौसेने त्यांना आमची गाडी दाखवली. फळी कशी दुमडते, शेगडी कुठे ठेवतो, सगळे सांगितले. मावशी आत वाकून बघून म्हणाल्या, "चांगली हाय साहेब. पण चाकावरचं घर आम्ही लई केलं. थोरला पोरगा गाडीतच झाला, पहाटं, वाटंवर. मला तवा वाटायचं, घरानं एका जाग्याला थांबावं."

मी गप्प झालो. मामा म्हणाले, "दरसाल टरक याच गावावरून जायचा, रातचा. कळस दिसायचा. हात जोडायचो. मुकादम म्हणायचा, हंगाम झाल्यावर या. हंगाम झाला की अंगात राम नसायचा अन् खिशात पैका." आता मुलगा गाडीवर चालक आहे. पगार झाल्यावर त्याने आई-बापाला एस.टी.त बसवून दिले होते. आठ दिवस धर्मशाळेत राहणार होते. "कुणी उठवत नाही पहाटं," मावशी म्हणाल्या आणि हसल्या.

रात्री सौ.ने राहिलेले सगळे लाडू त्यांना दिले. गाडीत आडवे झाल्यावर कितीतरी वेळ आम्ही दोघेही जागे होतो. आपण हौस म्हणून जे करतो आहोत ते कोणी पोटासाठी जन्मभर केले, आणि आपल्याच तालुक्यात केले. मी त्यांच्या गावी सभा घेतल्या होत्या. त्या हंगामात गावात कोण नसते, याचा विचार मी कधी केला नव्हता.

परत फिरलो ते बार्शी, कळंब, आंबाजोगाई असे. बार्शीला भगवंताचे दर्शन घेतले. रात्री गाडी चालवायची नाही हा नियम शेवटपर्यंत पाळला, कारण हंगामात दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या वाटेवर असतात. ट्रॅक्टरवाल्या बंधूंनो, ट्रॉलीच्या मागे चमकणारी पट्टी लावा, एवढे मात्र माझे ऐका. आठव्या दिवशी घरी आलो. म्हैस दूध देत होती, कोठी जागेवर होती आणि सूनबाईने आमच्या माघारी अंगणात वाफा करून मेथी टाकली होती. सौ. किल्ल्या मागायला विसरली. अजून मागितलेल्या नाहीत.

आता दोन शब्द तुम्हाला. पहिला शब्द ज्यांची साठी जवळ आली त्यांना. मोठी गाडी लागत नाही. एस.टी. आहे, धर्मशाळा आहेत, राज्याच्या एस.टी.त 75 वर्षांपुढील वृद्धांना 2022 पासून तिकीट लागत नाही आणि 2023 पासून बायकांना निम्मे तिकीट आहे. लागते ते एवढेच, की किल्ल्या दुसऱ्याच्या हाती द्यायच्या आणि मागे वळून बघायचे नाही. निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा, गोळ्या आठ दिवस जास्तीच्या घ्या. आणि बाईमाणसाला यात्रेतही तीन वेळचा स्वयंपाक करायला लावू नका. दोन दिवस मी पिठले केले. ते खारट झाले होते, पण सौ.ने नाव ठेवले नाही.

दुसरा शब्द रस्त्याकडेला रान असलेल्यांना. शासनाने 2020 साली कृषी पर्यटनाचेही धोरण आणले आहे. अशा गाड्या पुढे वाढतील. बांधाला एक कोपरा, नळ, दिवा, स्वच्छ संडास आणि पिठले-भाकरी एवढे दिलेत, तर दोन पैसे मिळतील आणि वाटसरू दुवा देईल. मंगळवेढ्याच्या त्या खळ्यावर आमच्याकडून कोणी पैसा घेतला नाही. तुम्ही घेतलात तरी हरकत नाही, पण संडास आधी बांधा.

तिसरा शब्द मुला-सुनांना. यंदा सुगी झाली की आई-वडिलांना विचारा, कुठे जायचे आहे. ते नको म्हणतील. म्हशीचे नाव सांगतील, लग्नाचे नाव सांगतील, पुढच्या सुगीचा वायदा करतील. ऐकू नका. तुमच्या दारात दमणी नसेल, तर एस.टी.चे तिकीट काढून द्या. पण दोघे चालते-फिरते आहेत तोवर, दोघांना बरोबर धाडा.